कोंढाण्यावर ट्रेंटनचे अकरा

प्रल्हाद टिपणीस बॉस्टनहून रविवारी दुपारी घरी आला आणि हातातली बॅग दारात टाकून तडक बेसमेंटमध्ये उतरला. टेबलावरचा दिवा जागेवर होता, भिंग होतं, चिमटे होते, ब्रशांची बरणी होती. जे असायला हवं होतं, तेच नेमकं नव्हतं. त्याने टेबलाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, वॉशिंग मशीनच्या मागेसुद्धा वाकून पाहिलं. तिथे असण्याचं काहीच कारण नव्हतं, पण अशा वेळी माणूस फ्रीजसुद्धा उघडून बघतो.

"शरयू!"

वरच्या मजल्यावर त्याची बायको गणपतीला जायची साडी नेसत होती. ती निऱ्या हातात धरूनच जिन्याच्या तोंडाशी आली.

"काय झालं? ओरडताय कशाला?"

"इथली माणसं कुठायत? टेबलावरची?"

"ती होय! पुरुषोत्तमरावांकडे नाही का दिली, डेकोरेशनला? तुम्हीच तर सांगून गेलात."

"मी बोर्ड द्यायला सांगितलं होतं. बोर्ड आणि डावीकडच्या खोक्यातली माणसं. टेबलावरची नाही."

"अहो, तो विक्रम आला होता न्यायला. त्याने सगळी ट्राय करून बघितली. म्हणाला, काकू, खोक्यातली सगळी गोल गोल फिरतायत, टेबलावरची कशी सरळ पळतात. मग ती नेली. देवाच्याच कामाला नेली ना? त्या बाहुल्या काय नि ह्या काय!"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती बेसमेंटच्या थंडगार सिमेंटवर उभं राहूनही जाते, हे प्रल्हादला त्या दिवशी कळलं. बाहुल्या! सरळ पळत होती, कारण तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर त्याने ती सरळ पळायला शिकवली होती. आणि ती त्याची नव्हती. हे मात्र त्याने शरयूला कधी सांगितलेलं नव्हतं, आणि आता जिन्याखालून वर ओरडून सांगण्यात काही अर्थ नव्हता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना तो सांगायलाच हवा. जेवणाच्या टेबलाएवढा पत्र्याचा हिरवा बोर्ड, त्यावर अमेरिकन फुटबॉलचं मैदान रंगवलेलं. बोर्डाच्या पोटात एक छोटं विजेचं यंत्र. बटण दाबलं की सगळा पत्रा घर्रर्र करून थरथरतो आणि त्यावर मांडलेली बोटभर उंचीची प्लॅस्टिकची माणसं आपोआप चालू लागतात. प्रत्येकाच्या पायाखाली एक बैठक, बैठकीला खालून बारीक दाते. ते दाते चिमट्याने केसभर इकडे वळवले तर माणूस डावीकडे जातो, तिकडे वळवले तर उजवीकडे, आणि हात बसलेला नसला तर स्वतःभोवती गिरक्या घेत बसतो. अमेरिकेतल्या पोरांना हा खेळ नाताळात मिळायचा आणि फेब्रुवारीत तो माळ्यावर जायचा. आता शहाऐंशी सालात ती पोरं टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बसलेली होती आणि त्यांच्या बापांचे जुने बोर्ड गंजून गॅरेज सेलमध्ये यायचे. प्रल्हाद ते विकत आणायचा, गंज काढायचा, वायरिंग बदलायचा, पत्रा ठोकून सपाट करायचा. इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, प्रिन्स्टनजवळच्या एका लॅबमध्ये नोकरीला होता, आणि वेस्ट विंडसरच्या सगळ्या मराठी मंडळींत 'बाहुल्यांशी खेळणारा टिपणीस' म्हणून त्याची ओळख होती. हे नाव प्रेमाने ठेवलेलं होतं असं सगळे म्हणत. त्याला ते झोंबायचं. एकदा घरी आठ-दहा माणसं जेवायला असताना शरयूनेच हसत हसत "यांच्या बाहुल्या" म्हटलं होतं आणि श्रीखंड वाढता वाढता सगळे हसले होते. तेव्हापासून बेसमेंटमधली गोष्ट तो वर आणत नसे.

ट्रेंटनच्या बाजूला एका चर्चच्या हॉलमध्ये दर रविवारी हा खेळ खेळणारी सात-आठ मोठी माणसं जमत. त्यांत हा एकटा ब्राऊन. एड डुडेक त्याला तिथे घेऊन गेला होता. लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात दोघांनी एकाच वेळी एका बोर्डावर हात टाकला, बराच वेळ हुज्जत घातली आणि शेवटी दोघांनी मिळून तो घेतला, तिथपासूनची दोस्ती. एड ट्रेंटनच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं फुटबॉलचा कोच होता, आता रिटायर झालेला, बायको गेलेली. त्या हॉलमध्ये प्रल्हाद वेगळाच माणूस असे. चेंडूला हात लागला की नाही, माणूस रेषेबाहेर गेला की नाही, यावर तो टेबलावर मूठ आपटून भांडायचा. "नो, नो, नो! नॉट अ चान्स!" असं तो ओरडला की पलीकडच्या खोलीत भजनाची प्रॅक्टिस करणाऱ्या बायका दार लावून घेत. एड म्हणायचा, या माणसाला नाही म्हणताना ऐकणं हीच एक मजा आहे.

टेबलावरची ती अकरा माणसं एडची होती. त्याने कोच असताना, एकसष्ट साली, त्याची जी टीम होती, ती त्याने पुढे सवडीने या खेळात रंगवली होती. टीमचा फोटो समोर ठेवून, एकेकाचा नंबर, एकेकाच्या केसांचा रंग, गोरा कोण, काळा कोण, कुणाच्या गुडघ्याला पट्टी होती, सगळं. त्यांतली दोन पोरं पुढे व्हिएतनामला गेली ती परत आली नाहीत. आता एडचे हात कापायचे. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, ब्रश धरणं तर लांबच. रंग शाबूत होता, पण पायाखालचे दाते वाळून तुटले होते. या मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्याला आपली टीम पुन्हा पळताना बघायची होती. मोसम संपला की तो फ्लोरिडाला मुलीकडे कायमचा जाणार होता. ती अकरा माणसं प्रल्हादच्या हातात देताना एड एवढंच म्हणाला होता, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको." आणि प्रल्हादने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

त्याने नव्या बैठका बसवल्या. पोरं कशी पळायची ते एडला फोनवर विचारून विचारून त्याने प्रत्येकाचे दाते वळवले. नंबर बावीस, रेमंड. तो सरळ धावत सुटायचा आणि ऐन वेळी डावीकडे कापायचा, ही त्याची खोड. प्रल्हादने ती खोडसुद्धा बैठकीत आणली होती. त्या एकाच माणसावर चार संध्याकाळी गेल्या होत्या.

आणि बॉस्टनला निघायच्या आदल्या संध्याकाळी, मंगळवारी, पुरुषोत्तमरावांचा फोन आला होता.

पुरुषोत्तम कर्णिक म्हणजे त्या भागातलं पहिलं मराठी घर. न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी माणसांनी अमेरिकेतला पहिला वरणभात त्यांच्या बायकोच्या, सुमित्रावहिनींच्या हातचा खाल्लेला. प्रल्हाद शिकायला आला तेव्हा ऐन जानेवारीत एका पातळ स्वेटरवर विमानतळावर उतरला होता. पुरुषोत्तमरावांनी स्वतःचा ओव्हरकोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि खोली मिळेपर्यंत घरी ठेवून घेतलं. तो ओव्हरकोट अजून प्रल्हादच्या अंगावर होता असं म्हटलं तरी चालेल. त्या घरातून काही मागणं आलं आणि प्रल्हादने नाही म्हटलं, असं एकदाही झालेलं नव्हतं. मंडळाची खुर्च्यांची ने-आण, दिवाळीची साउंड सिस्टिम, कुणाच्या तरी सासूला विमानतळावरून आणणं, सगळं टिपणीस.

"अरे प्रल्हाद, तुझं ते थरथरणारं टेबल पाहिजे बुवा," पुरुषोत्तमराव म्हणाले होते. "यंदा हलता देखावा करतोय. पुण्यात असतो ना, तसा. कोंढाणा! विक्रम म्हणतो, त्या टेबलावर मावळे आपोआप चालतील. पोरांना काय मज्जा येईल! ही इथली पोरं, यांना शिवाजी माहीत नाही रे."

फोन आला तेव्हा प्रल्हादच्या चिमट्यात नंबर बावीसच होता. जिभेवर 'नाही' आलेलं होतं. अगदी दातांपर्यंत आलेलं होतं. आणि तोंडातून निघालं, "हो, हो, न्या ना. त्यात काय एवढं! मी नसेन, पण शरयू देईल काढून."

फोन ठेवल्यावर त्याने शरयूला सांगितलं की बोर्ड दे आणि डावीकडचं खोकं दे. टेबलावरचं कुणाचं आहे, ते का द्यायचं नाही, हे सांगितलं नाही. सांगायला गेलं तर परत बाहुल्या आल्या असत्या. एडची माणसं उचलून कुलपात ठेवणं तर त्याच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी तो बॉस्टनला गेला.

आता गाडीत शेजारी साडी सावरत बसलेल्या शरयूशी एक अक्षर न बोलता तो पुरुषोत्तमरावांच्या घरी निघाला होता. काय काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं होतं. आल्या आल्या बोर्ड बंद करायचा. माणसं उचलायची. कुणी विचारलं तर सांगायचं, ही दुसऱ्याची आहेत. आणि विचारलं नाही तरी सांगायचं.

"एवढं काय तोंड करून बसलाय?" शरयू म्हणाली. "सणासुदीचं."

"मला न विचारता माझ्या टेबलावरची वस्तू दिलीस."

"तुमच्या टेबलावर काय आहे ते तुम्ही कधी सांगता? खाली गेलात की दार बंद! मला काय स्वप्न पडणार?" तिचाही आवाज चढला. "आणि कर्णिकांना नाही कुणी म्हणायचं? मी? तुम्ही म्हणालात का?"

त्याचा राग आणखी वाढला, आणि गाडीचा वेगही.

पुरुषोत्तमरावांचं बेसमेंट म्हणजे छोटं सभागृहच होतं. दारात चपला-बुटांचा ढीग, आत उदबत्तीचा वास, पन्नासएक माणसं, आणि समोर मखरात गणपती. मखराच्या पुढे, फुलांच्या माळा लावून, प्रल्हादचा बोर्ड. हिरव्या मैदानावर थर्माकोलचा डोंगर उभा केला होता, त्यावर तपकिरी रंगाचा कोंढाणा, बुरुजावर भगवा. आणि बोर्ड घर्रर्र करत होता. डोंगराच्या पायथ्याशी अकरा मावळे चालून जात होते. लाल पगड्या, पांढरे अंगरखे, काळ्या मिशा.

प्रल्हाद वाकला. हेल्मेटांवर पगड्या रंगवल्या होत्या. छातीवरचे नंबर गेले होते. गुडघ्याची पट्टी गेली होती. गोरं कोण, काळं कोण, सगळे एकाच गव्हाळ रंगाचे झाले होते.

"काका!" विक्रम गर्दीतून पुढे आला. हा रटगर्सला पीएच.डी. करणारा मुलगा, पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा, हुशार आणि उत्साहाने नुसता फुटणारा. "कसं झालंय? एकदम मस्त ना? आधी जुन्या रंगावर नवा पेंट बसत नव्हता. मग मी सगळे थिनरने साफ केले. एकदम क्लीन. मग प्रायमर मारला, मग एनॅमल."

"थिनरने."

"हो! दोन कोट. आता कधी जाणार नाही."

प्रल्हादला त्या पोराच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खरोखर, उजवा हात शिवशिवला. वीस वर्षांपूर्वीच्या रंगाचा एक कण उरला नव्हता. वरचा रंग खरवडून खालचा मिळवावा म्हटलं, तर खाली काहीच नव्हतं. नुसतं प्लॅस्टिक.

"आणि हा बघा, काका," विक्रम म्हणाला, "सगळ्यांत भारी हा आहे. हा सरळ जातो आणि एकदम लेफ्टला वळून गडाच्या मागे जातो. आम्ही ठरवलं, हाच सूर्याजी! मागच्या वाटेने चाललाय. पोरं वेडी झालीयेत त्याच्यावर."

प्रल्हादने हात पुढे केला तो नंबर बावीसला उचलायला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर पुरुषोत्तमरावांचा हात पडला.

"आला का आमचा इंजिनियर! अरे, हात नको लावू, चालू दे. देवापुढची आरास आहे, आता विसर्जनाआधी हलवायची नाही."

"पुरुषोत्तमराव, ही माणसं... ही माझी नाहीत. ही एका मित्राची..."

"अरे, मग त्यालाही बोलाव प्रसादाला! आणि खराब-बिराब झाली तर काळजी करू नको, टॉय स्टोअरमधून नवी आणून देऊ. डझनाने मिळतात." मग त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "मंडळी, एक मिनिट. या देखाव्याचं सगळं श्रेय आपल्या टिपणीसांना. यांच्याशिवाय कोंढाणा सर झाला नसता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुमित्रावहिनींनी पुढे होऊन त्याच्या कपाळाला गंध लावलं, हातात नारळ ठेवला, वर एक मोदक ठेवला. आणि प्रल्हाद टिपणीस, जो इथे सगळ्यांना फाडून खायला आला होता, त्याने दोन्ही हात जोडले आणि हसला. हसला! नंतर पूर्ण आठवडाभर त्याला त्या हसण्याची किळस येत राहिली.

तो आठवडा कसा गेला ते शरयूला विचारावं. सोमवारी तो लॅबमध्ये टेक्निशियनवर ओरडला. मंगळवारी आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं, मीठ होतं. बुधवारी पुरुषोत्तमरावांना फोन लावला आणि वहिनींनी उचलल्यावर "आरतीला किती वाजता?" एवढंच विचारून ठेवला. मनात मात्र त्याची अखंड भांडणं चालू होती. कधी विक्रमशी, कधी पुरुषोत्तमरावांशी, कधी शरयूशी. त्या भांडणांत तो इतका छान बोलायचा, असे सणसणीत मुद्दे काढायचा, की समोरच्याची बोलतीच बंद. मग रेड लाइट हिरवा व्हायचा आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायचा.

गुरुवारी त्याने खोक्यातली दुसरी अकरा माणसं काढली. नंबर त्याला पाठ होते, रंग पाठ होते. एडची नजर काही पूर्वीसारखी राहिली नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. तीन माणसं रंगवून झाली. हुबेहूब झाली होती, कारण हात चांगलाच होता त्याचा. चौथ्याच्या गुडघ्यावर पट्टी काढताना त्याला स्वतःचीच अशी शिसारी आली की त्याने ब्रश भिंतीवर फेकून मारला. ज्या माणसाने आपल्या पोरांचे चेहरे फोटोवरून रंगवले, त्याला आपण बनावट पोरं द्यायला निघालो होतो. वरून शरयूने विचारलं, काय पडलं? तो म्हणाला, काही नाही.

शनिवारी संध्याकाळी एड आला. जुनी निळी गाडी ड्राइव्हवेत लावून, कोटाच्या खिशात डबा घेऊन. डब्याला आतून त्याने नवीन कापूस लावला होता.

प्रल्हादने त्याला घरात घेतलंच नाही. तिथेच, गाडीजवळ उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. इंग्रजीत ते फार थोडक्यात झालं. मागच्या आठवड्यात मंगळवारी एका वडीलधाऱ्या माणसाने फोनवर माझं टेबल मागितलं, मी हो म्हणालो, त्यांनी चुकून तुझी माणसं नेली, थिनरने पुसली आणि वर रंगवली. बस. एवढंच होतं ते.

एडने खिशातला डबा काढला, उघडून रिकाम्या कापसाकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"दाखव मला," तो म्हणाला.

आरतीची वेळ झालेलीच होती; एडच्याच गाडीने दोघे पुरुषोत्तमरावांकडे गेले. दारात एडने सगळ्यांचे बूट पाहिले आणि काही न विचारता, भिंतीला धरून, आपलेही काढले. आत झांजा वाजत होत्या, माणसं तल्लीन होऊन टाळ्या वाजवत होती. प्रल्हाद त्याला गर्दीतून बोर्डापर्यंत घेऊन गेला. मावळे कोंढाण्यावर चालून जात होते. एड कमरेत वाकून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मग एक मावळा सरळ धावत आला आणि डोंगराशी पोचता पोचता डावीकडे कापून वळला. पुढच्या रांगेतली पोरं ओरडली, "सूर्याजी! सूर्याजी!"

"रे," एड हळूच म्हणाला. "रेमंड."

आणि त्याने डोळ्यांवर हात धरला.

प्रल्हाद खाली वाकला आणि भिंतीतला प्लग उपटला.

घरघर थांबली. मावळे जागच्या जागी उभे राहिले. झांजा दोन-चार वेळा अडखळल्या आणि त्याही थांबल्या. आरती अर्ध्यावर तुटली, असं त्या घरात कधीच झालं नव्हतं.

"काय झालं? लाइट गेले?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"मी बंद केलं," प्रल्हाद म्हणाला. मग त्याचा आवाज चढला, आणि चढला तो चढतच गेला. "मी बंद केलं! ही माझी नव्हती. या माणसाची होती. याची मुलं होती ही, याची टीम, यांतली दोन मेलीत! वीस वर्षं जपलेली, आणि तुम्ही थिनरने पुसलीत! डझनाने मिळतात म्हणता? कुठे मिळतात? दाखवा मला ते दुकान! एकदा तरी कुणी विचारलं, टिपणीस, हे काय आहे? नाही! बाहुल्या! टिपणीसच्या बाहुल्या! खुर्च्या पाहिजेत, टिपणीस. गाडी पाहिजे, टिपणीस. वीस वर्षं एक ओव्हरकोट फेडतोय मी!"

"अहो!" शरयू मागून म्हणाली. ती आधीच आली होती, बायकांमध्ये उभी होती. "अहो, देवापुढे..."

"देवाला कळू दे!"

विक्रम भिंतीला चिकटून उभा होता, चेहरा पांढराफटक. "काका, मला खरंच माहीत नव्हतं, आय स्वेअर..." सुमित्रावहिनींच्या हातातली आरती तशीच राहिली होती, तिच्यातली एक वात विझली. एक लहान मुलगी रडायला लागली. पुरुषोत्तमरावांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट होतं. तिथे नुसतं आश्चर्य होतं, आपल्याच घरात कुणीतरी आपल्याला ढकलून द्यावं तसं. "प्रल्हाद," ते म्हणाले, "अरे, मग तू त्या दिवशी नाही म्हणायचंस. मी काय जबरदस्ती केली असती?"

प्रल्हादने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने कोंढाण्याच्या पायथ्याची माणसं एक एक करून उचलली, मागच्या वाटेवरचा बावीस नंबरही उचलला, आणि एडच्या डब्यात कापसावर ठेवली. कुणी अडवलं नाही. गर्दीने वाट करून दिली. एडने पुरुषोत्तमरावांकडे बघून मान जरा लववली, का ते त्यालाच माहीत. वहिनींनी हात जोडले.

बाहेर आल्यावर प्रल्हादला बरं वाटत होतं, अंगातून काहीतरी घाण निघून गेल्यासारखं. बोललो एकदाचा. वीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. त्याने एडला बूट घालायला मदत केली, लेस बांधून दिली, आणि वर पाहिलं. आता एड त्याच्या खांद्यावर थोपटेल, असं त्याला वाटलं.

"तू आत काय बोललास ते मला कळलं नाही," एड म्हणाला. "पण नाही म्हटलंस, एवढं कळलं. हॉलमध्ये म्हणतोस तसंच."

"हो. सगळ्यांसमोर म्हटलं."

एडने डबा उघडला. पगडीवाले अकरा जण कापसात पडलेले होते. त्याने कापऱ्या बोटाने एकाला सरळ केलं आणि झाकण लावलं.

"उद्या हॉलमध्ये मी येत नाही," तो म्हणाला. "त्यांना सांग, तब्येत बरी नाही." मग तो गाडीत बसला, काच खाली केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फार थकलेला होता. "प्रल्हाद, आज तू एवढा ओरडलास, पोरं रडायला लागली. आज ओरडून काय मिळालं? यातलं एक 'नाही', हळू आवाजातलं, तू त्या मंगळवारी फोनवर म्हणाला असतास, तर माझी मुलं आज माझ्याजवळ असती."

प्रल्हादने तोंड उघडलं. आठवडाभर मनात जुळवलेलं सगळं तिथे होतं, विक्रमसाठी, पुरुषोत्तमरावांसाठी, शरयूसाठी. एडसाठी त्यात काहीच नव्हतं. आत कुणीतरी आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती, आणि निळी गाडी मागे वळून रस्त्याला लागेपर्यंत तो ड्राइव्हवेत तसाच उभा राहिला.